दुभत्या बैलाची पट्टी

मी एक जुनी कापडी पट्टी आहे. लांबीला साडेतीन मीटर आणि रुंदीला जेमतेम वीतभर. बघणारे पहिल्यांदा मला चिंधी समजतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अजूनही राग येतो. माझ्यावर रेशमाची अक्षरं आहेत, लग्नाचा मांडव आहे, आणि एक जनावर आहे. त्या जनावरावरून पुढे बरंच काही घडलं.

मित्रांनो, जर्मनीतल्या एका शहराच्या अभिलेखागारात माझा मुक्काम आहे. युद्धाच्या काळात ज्या ज्यू कुटुंबांची वाताहत झाली त्यांची पत्रं, फोटो, शाळेची प्रगतिपुस्तकं, पाककृतींच्या वह्या असं सगळं इथे ठेवलेलं असतं. मी एका करड्या पुठ्ठ्याच्या पेटीत, मऊ कागदात असते. इथे ऊन नाही, ओल नाही, कसर नाही. मला जपतात चांगलं, पण कितीतरी वर्षं मी कोणाचीच नव्हते.

माझा जन्म एर्लेनाख नावाच्या खेड्यात झाला. तिथे मायर नावाचे एक गृहस्थ गुरांचा व्यापार करायचे. त्यांचा मुलगा हेर्मान, सून हेडविग. १९२६ च्या वसंतात हेडविगला मुलगा झाला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तेव्हा त्याला ज्या पांढऱ्या लिननच्या दुपट्यावर निजवलं होतं ते दुपटं म्हणजे मी. त्याचं नाव ठेवायच्या आधीपासून मी त्याला ओळखते. आमच्याकडच्या ज्यूंची रीतच होती, मुलाचं ते दुपटं धुऊन त्याचे चार लांब तुकडे करायचे, एकापुढे एक शिवायचे आणि त्यावर मुलाचं नाव भरायचं. मग मूल तीन वर्षांचं झालं की ती पट्टी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला द्यायची. तिथे ती धर्मग्रंथाच्या गुंडाळीभोवती बांधतात. अशा पट्टीला तिकडे विम्पेल म्हणतात.

मुलाचं सरकारी नाव एर्विन. पण पट्टीवर फक्त हिब्रू नाव घालायचं, तेही आडनावाशिवाय. माझ्यावर लिहिलं आहे, ‘एल्हानान, नफ्ताली यांचा मुलगा’. नफ्ताली हे हेर्मानचं हिब्रू नाव. मग जन्मतारीख, आणि मग आशीर्वाद, की हा मुलगा शास्त्राच्या अभ्यासापर्यंत, लग्नाच्या मांडवापर्यंत आणि सत्कर्मांपर्यंत वाढो. गावाचं नाव नाही, घराण्याचं नाव नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, मग हवं कशाला? ही गोष्ट पुढे मला फार महागात पडली.

भरतकाम केलं सेल्माआत्यानं. ही हेर्मानची धाकटी बहीण. न्युरेंबर्गला टोप्यांच्या दुकानात कामाला होती आणि सुईकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पट्टीवर मुलाची रासही काढतात. एर्विनची रास वृषभ. सेल्माआत्यानं तीन हिवाळे खपून अक्षरं भरली, मांडव भरला, आणि शेवटी लाल रेशमाचा एक बैल भरला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला उलगडलं, तेव्हा मायर आजोबा चष्मा लावून वाकले.

मग म्हणाले, “सेल्मे, बैल दूध कधीपासून द्यायला लागले गं?”

सेल्माआत्यानं बैलाला आचळं काढली होती. चांगली चार, टपोरी, गाठीच्या टाक्यांची.

“मी काय करू?” ती म्हणाली. “शहरात बैल दिसतो कुठं? पुस्तकात बघून काढला.”

“गाईच्या पुस्तकात बघितलंस.”

“जन्मभर गुरं विकली या घरानं,” हेर्मान म्हणाला, “आणि मुलाच्या पट्टीवर हे. बाजारात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, ताई म्हणायच्याही लायकीची नाहीस तू.”

“मी धाकटी आहे. ताई म्हणूच नकोस. उसवू का?”

आजोबांनी माझ्यावर हात ठेवला. “खबरदार उसवलंस तर. दुभता बैल दावणीला असला की घराला कसली ददात नाही.”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. हेडविग तर डोळे पुसत खालीच बसली. त्या दिवसापासून त्या घरात माझं नावच ‘दुभता बैल’ पडलं.

तीन वर्षांचा झाल्यावर एर्विन मला हातात धरून सिनेगॉगमध्ये घेऊन गेला. सकाळी त्यानं पावाला आलूबुखाराचा मुरंबा लावून खाल्ला होता आणि बोटं नीट पुसली नव्हती. वडिलांनी गुंडाळी धरली, त्यानं मला भोवती फिरवलं, आणि माझ्या कडेला त्याच्या अंगठ्याचा जांभळा डाग पडला. मला तो फार आवडायचा.

नंतर मी तिथल्या कपाटात राहायला गेले. आम्ही एकशे सोळा पट्ट्या होतो. गावात जन्मलेल्या प्रत्येक ज्यू मुलाची एक. सर्वांत जुनी दोनशे वर्षांची होती आणि आपलं वय ती सगळ्यांना ऐकवायची. कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं की त्या शनिवारी त्याची पट्टी बाहेर निघायची आणि बाकीच्या आम्ही हेव्यानं बघायचो. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस. मी एकटी नव्हते.

१९३८ चा ऑक्टोबर होता. पुढच्या वसंतात एर्विन तेरा वर्षांचा होणार होता. त्या वयात मुलगा पहिल्यांदा सगळ्यांसमोर धर्मग्रंथ वाचतो, आणि त्या दिवशी गुंडाळीला त्याचीच पट्टी बांधतात. हेडविगला माझा डाग आठवला. सिनेगॉग सांभाळणारे म्हातारे काका कुरकुर करत होते, पट्टी घरी न्यायची नसते म्हणून.

“डाग काढते आणि आणून देते,” हेडविग म्हणाली. “माझ्या मुलाच्या दिवशी मुरंबा मिरवायचा का सगळ्या गावात?”

डाग निघाला नाही. तिनं मला पुन्हा भिजवून ठेवायचं म्हणून शिवणाच्या टोपलीत ठेवलं. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी माणसं आली, त्यांनी सिनेगॉग फोडलं आणि आतलं सगळं अंगणात आणून पेटवलं. एकशे पंधरा पट्ट्या जळल्या. मी टोपलीत होते. एका पोराच्या चिकट बोटानं मला वाचवलं, मित्रांनो, आणि त्याचा मला आनंद झाला असं मी म्हणू शकत नाही.

हेर्मानला त्याच दिवशी पकडून नेलं. सहा आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं आणि तो कोणाशी बोलत नव्हता. एर्विनचा दिवस आला, पण सिनेगॉग नव्हतं आणि गुंडाळीही नव्हती. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून छापील पुस्तकातून वाचलं. वाचून झाल्यावर आजोबा म्हणाले, “पट्टी आणा.” एवढ्याशा पुस्तकाभोवती साडेतीन मीटरची पट्टी गुंडाळायची म्हणजे काय होणार? पुस्तकाचा हा एवढा गोळा झाला. सेल्माआत्या न्युरेंबर्गहून आली होती. ती म्हणाली, “बैल गाभण आहे वाटतं.” तेव्हा हेर्मानसुद्धा हसला. त्या घरातलं सगळ्यांचं मिळून असं ते शेवटचं हसू.

जून महिन्यात मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या गाडीत एर्विनला जागा मिळाली. मोठ्यांना कागदपत्रं मिळत नव्हती. हेडविग त्याची पेटी भरत होती. तिनं मला घडी घालून सदऱ्यांच्या मधे ठेवलं. आजोबांनी मला बाहेर काढलं.

“मामंजी, जाऊ दे ना त्याच्याबरोबर,” हेडविग म्हणाली.

“सूनबाई, पट्टी गावची असते. ती जागेवर असली म्हणजे मुलाला परत यावं लागतं. लग्न ठरलं की तिच्यासाठी तरी यावंच लागतं.” मग ते आपल्या धंद्याचं बोलले. “खुंटा घरी असला की वासरू कुठंही चरायला जाऊ दे, संध्याकाळी दारात येतं.”

“राहू दे आई,” एर्विन म्हणाला. “मी येतोच आहे.”

मला अजून वाटतं, हेडविगनं त्या दिवशी सासऱ्यांचं ऐकायला नको होतं. पण जन्मभर जनावरं परत येताना बघितलेला माणूस होता तो. त्याचं चुकलं असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

पुढच्या वर्षी आजोबा आपल्याच अंथरुणात वारले. घरांच्या झडत्या होऊ लागल्या, तशी हेडविगनं खिडकीतल्या बाकावरची उशी उसवली, पिसांच्या मधे मला ठेवलं आणि उशी पुन्हा शिवली. तेव्हा रेड क्रॉसमार्फत इंग्लंडला निरोप पाठवता यायचे, फक्त पंचवीस शब्दांचे. ती टेबलाशी बसून शब्द मोजत मोठ्यानं पुटपुटत होती, ते मी उशीतून ऐकलं. “आम्ही ठीक. आजोबा शांतपणे गेले. दुभता बैल खिडकीतल्या उशीत झोपला आहे. नीट जेवत जा. सदरे लहान झाले असतील. आईबाबा.” सदऱ्यांपाशी ती थांबली.

१९४२ च्या वसंतात हेर्मान आणि हेडविगला पूर्वेकडे छावणीत नेलं. सेल्माआत्यालाही न्युरेंबर्गहून नेलं. निघताना हेडविगनं मला उशीसकट दोन्ही हातांनी सारखं केलं, रोज करायची तसं. त्या तिघांतलं कोणीही परत आलं नाही.

मग घरातल्या सामानाचा लिलाव झाला, आणि मी ज्या उशीत होते ती समोरच्या घरातल्या क्रेसेन्ट्सनं घेतली. ही काही दुष्ट बाई नव्हती. हेडविगच्या आजारपणात तिनं सूप आणून दिलं होतं. पण लिलावात उशी घेतली तीही तिनंच. घरी नेल्यावर तिनं उशीला नवीन निळा अभ्रा चढवला आणि ती आपल्या बाकावर ठेवली.

उशीतला काळ कसा सांगू? अंधार होता. माणसं टेकायची, उठायची. बोलणं ऐकू यायचं, पण त्यात माझ्या कोणाचं नाव कधी येत नसे. ती माणसं जणू त्या गावात जन्मलीच नव्हती. मी एकटीच मनात म्हणत राहायचे, एल्हानान, नफ्ताली यांचा मुलगा.

एकदा, बहुतेक सत्तेचाळीस साल असावं, दारावर थाप पडली.

“एर्विन?” क्रेसेन्ट्सचा आवाज एकदम बारीक झाला. “अरे, केवढा झालास. बस. दूध घेतोस?”

कोणीतरी बाकावर बसलं आणि माझ्यावर पाठ टेकली. पाठ रुंद होती, आवाज जाड होता आणि आपलीच भाषा तो परक्यासारखी बोलत होता. पण तो माझा मुलगा होता.

“आमच्या घरात दुसरी माणसं राहतात,” तो म्हणाला. “त्यांनी आत घेतलं नाही.”

“हं.”

“क्रेसेन्ट्समावशी, आमच्या खिडकीत एक उशी होती. हिरवी. कोणाकडे गेली, काही माहीत आहे?”

दूध ओतल्याचा आवाज आला.

“नाही रे. कोणाला आठवतंय आता. सगळं गेलं.”

“बरं,” तो म्हणाला. दूध प्यायला. मला त्याच्या पाठीची ऊब लागत होती. मला हात असते तर मी त्याला घट्ट धरलं असतं. दहा मिनिटं तो माझ्यावर टेकून बसला, मग उठला आणि गेला. खुंटा घरी होता, वासरू दारात आलं होतं, आणि तरी चुकामूक झाली. क्रेसेन्ट्स त्यानंतर त्या बाकावर कधी बसली नाही.

तीस-पस्तीस वर्षांनी तिची सून गेर्लिंडे पिसं धुवायची म्हणून उशी उसवू लागली आणि मी बाहेर आले. इतक्या वर्षांनी उजेड दिसला.

“सासूबाई, हे काय आहे? कुठली अक्षरं आहेत ही?”

“ठेव ते परत.”

“कोणाचं आहे?”

“लोक होते,” क्रेसेन्ट्स म्हणाली. “गेले.”

“कुठं गेले?”

“गेर्लिंडे, तुला कामं नाहीत का?”

गेर्लिंडेनं मला परत आत ठेवलं नाही. कपाटात, टेबलपोशांच्या खाली ठेवलं. १९८६ मध्ये सासूबाई वारल्या, त्यानंतर तिनं मला शहरातल्या अभिलेखागारात आणून दिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठं सापडलं? गेर्लिंडेला घराण्याची लाज वाटली. “माळ्यावर,” ती म्हणाली, गाव सांगितलं नाही आणि आपलं नावही न सांगता निघून गेली.

त्या अभिलेखागारातल्या बाईंचं नाव युटा. तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या आणि फार नीटस होत्या. त्यांनी माझी अक्षरं वाचली, मोजमाप घेतलं, डाग टिपून ठेवला. पण एल्हानान हे हिब्रू नाव सरकारी दप्तरात सापडेना, आणि गाव ठाऊक नसल्यावर शोधायचं तरी कुठं? शेवटी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘मालक अज्ञात. गाव अज्ञात. सजावट: मांडव, गाय.’

गाय! मित्रांनो, मला कधी नव्हे एवढं वाईट वाटलं. त्यांची काहीच चूक नव्हती. आचळं असलेल्या जनावराला दुसरं काय म्हणणार? पण त्या एका शब्दानं मायर आजोबा गेले, सेल्माआत्या गेली, ते सगळं हसू गेलं. वर्षातून एकदा माझी पेटी उघडायची, कसर लागली नाही ना एवढं बघायचं आणि बंद करायची. अठरा वर्षं असंच चाललं.

त्यातली शेवटची सात वर्षं तर माझ्या वरच्या फळीवरच एक पेटी होती. इंग्लंडमधल्या एका निवृत्त बस-मेकॅनिकनं आपल्या घरची पत्रं दान केली होती. कामाचा डोंगर होता, त्यामुळे ती पेटी तशीच पडून होती. मला काय माहीत वर कोण आहे?

२००४ मध्ये युटाबाईंनी ती पेटी वाचायला घेतली. एका निरोपापाशी त्या अडल्या आणि त्यांनी इंग्लंडला फोन लावला. हे त्यांनी नंतर सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं, की मला पाठ झालं आहे.

“तुमच्या आईनं लिहिलंय, दुभता बैल उशीत झोपला आहे,” त्या म्हणाल्या. “हा काही सांकेतिक शब्द होता का?”

पलीकडचा म्हातारा हसायला लागला. थांबेना. “सांकेतिक कसला, बाई? आमची आत्या. बैल काढायला बसली आणि आचळं लावून ठेवली.”

“काढला कशावर?”

“माझ्या पट्टीवर.”

युटाबाईंनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि मला घेऊन आल्या. झाकण उघडलं, मला उलगडलं.

“चार आहेत,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “आचळं. लाल रेशमाची.”

मग तो आवाज आला, जो मी पाठीतून ऐकला होता. “माझं हिब्रू नाव एल्हानान. वडिलांचं...”

“नफ्ताली,” युटाबाई म्हणाल्या. “मला अठरा वर्षांपासून माहीत आहे.”

तो मे महिन्यात आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठी टेकत. युटाबाईंनी पांढरे हातमोजे पुढे केले. त्यानं ते घातले, माझ्यावर हात ठेवला, मग काढून टाकले. युटाबाईंनी ते उचलून बाजूला ठेवले. त्याचा अंगठा माझ्या कडेवरून सरकत सरकत डागापाशी आला आणि तिथे थांबला. अंगठा केवढा मोठा झाला होता. मग त्याला युटाबाईंनी सांगितलं, की मी पिसांतून आले असणार, माझ्या शिवणीत पिसाचे तंतू सापडले होते. त्यानं विचारलं, मला घेऊन आलेली बाई काय म्हणाली होती? ‘माळ्यावर,’ त्यांनी सांगितलं. त्यानं खिडकीकडे बघितलं. त्याला क्रेसेन्ट्सचं दूध आठवलं का, हे मला कळलं नाही.

“ही तुमची आहे,” युटाबाई म्हणाल्या. “घेऊन जा. कागदपत्रं मी करते.”

माझा जीव टांगणीला लागला. मला जायचं होतं. कुठंही, त्याच्या कपाटात, त्याच्या उशीत.

“माझे आजोबा म्हणायचे, पट्टी जागेवर राहते, मुलानं यायचं,” तो हळूहळू म्हणाला. “मी आता किती दिवसांचा? मग मुलं विचारतील, हे काय आहे, टाकायचं का? माझ्या आईची पत्रं कुठं आहेत?”

“ही काय, वरच्या फळीवर.”

“मग हिला त्यांच्यात ठेवा.”

मी रुसले, खोटं कशाला सांगू? मग तो म्हणाला, “आणि एक दुरुस्ती करा. चिठ्ठीवर गाय लिहिलंय. बैल लिहा.”

“पण आचळं...”

“आहेत ना. आमच्याकडे बैल दूध द्यायचे.”

युटाबाईंनी ‘गाय’ खोडून ‘बैल, दुभता’ असं लिहिलं. त्याखाली लिहिलं: एर्विन, हेर्मान आणि हेडविग यांचा मुलगा. एर्लेनाख. त्यानंतर त्यानं जळलेल्या पट्ट्यांच्या मुलांची नावं आठवून आठवून सांगितली. तेवीस आठवली. एकशे पंधरांपैकी तेवीस. तो कागदही माझ्याच पेटीत आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एर्विन वारला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला कसर लागू देऊ नका, पण तेवढ्यानं भागत नाही. ती कोणाची, ती बघून घरातलं कोण का हसायचं, हे जाणत्या माणसांना आजच विचारा आणि तिच्याजवळ लिहून ठेवा. नाहीतर पुढे कोणीतरी शहाणा, नीटस माणूस तिच्यावर ‘गाय’ लिहील आणि त्याचं काही चुकलेलंही नसेल.

आता मी हेडविगच्या निरोपाशेजारी असते. अजूनही एकटं वाटतं, कारण त्या कपाटातल्या पट्ट्या परत येणार नाहीत. पण कधीतरी अभ्यासाला आलेलं कोणी पेटी उघडतं, चिठ्ठी वाचतं, माझ्याकडे बघतं, पुन्हा चिठ्ठी वाचतं. वाचनाच्या खोलीत बोलायला बंदी आहे, त्यामुळे ते माणूस तोंडावर हात धरतं आणि हसतं. तेवढ्यापुरतं मला वाटतं की मी टेबलावर उलगडलेली आहे, आजोबांनी नुकताच चष्मा लावला आहे, आणि त्या स्वयंपाकघरातून अजून कोणीच उठलेलं नाही.